सहा अंक झाले, आता सगळं पुसून नव्याने सुरू करू का?

पुण्यातल्या एका तरुण लेखकाचा प्रश्न आहे. तो लिहितो, त्याचा मित्र चित्रं काढतो. २०९४ सालच्या पुण्यात घडणारं त्यांचं सुपरहिरो कॉमिक दोन वर्षांत सहा अंकांपर्यंत आलंय. धरणांपासून नळांपर्यंत सगळं 'प्राधिकरणा'च्या ताब्यात आहे, पाणी रेशनवर मिळतं, आणि अंगात वीज साठवणारी 'ठिणगी' नावाची मुलगी या प्राधिकरणाशी लढते. सहावा अंक आला आणि वाचकांनी गोष्टीतल्या विसंगतींची यादीच हातात ठेवली. त्याचा प्रश्न असा: "सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू, की ही वेगळी टाइमलाइन होती असं सांगून मोकळा होऊ?"

दोन्ही नको. का नको ते सांगते, पण त्याआधी तुमची यादी जरा वेगळी मांडायला हवी.

मी गेली बावीस वर्षं चित्रकथांच्या संहिता तपासते. आधी मुलांच्या एका मासिकात होते, नंतर अ‍ॅनिमेशनवाल्यांकडे. कामाला नाव काहीही द्या, पान चारवर जे म्हटलंय ते पान चाळीसवर कुणी विसरलेलं नाही ना, एवढंच बघायचं असतं. त्याच सवयीने तुमचे सहाही अंक दोनदा वाचले, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तुमच्या यादीत सात चुका आहेत, मला अकरा सापडल्या. घाबरू नका, वरच्या चार माझ्यासारख्या खोडसाळ माणसालाच दिसतील.

तुम्ही सगळ्याला 'चुका' म्हणताय आणि सगळ्यावर एकच गोळी मागताय. पण दुखणी चार आहेत. कुठे चित्र चुकलंय, कुठे बेरीज चुकली आहे, कुठे तुमच्याच जगाचा नियम मोडलाय, आणि एका ठिकाणी तर कागदावर काहीच चुकलेलं नाही, तरी वाचक सगळ्यात जास्त तिथेच चिडलेत. पहिल्या दोन दुखण्यांना घरगुती औषध पुरतं. तिसऱ्याला वेळ लागतो. चौथ्याकडे काणाडोळा केलात तर मात्र कॉमिक बसेल.

आणखी एक. अंक छापता की पीडीएफ विकता, आणि पुढे सगळ्यांचं मिळून पुस्तक काढणार आहात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर निम्मं अवलंबून आहे. पीडीएफ असेल तर काही दुरुस्त्या आज रात्रीच होतील. छापील असेल तर पुस्तकाची वाट बघा, जुन्या अंकांवर चिकटपट्ट्या लावत बसू नका.

सोप्यापासून सुरुवात करू. ठिणगीच्या डाव्या भुवईवर व्रण आहे. तिसऱ्या अंकात पान ९ ते ११ तो उजवीकडे गेलाय. हे कसं झालं असणार ते सांगू? तुमच्या मित्राने पळापळीची दिशा बरी दिसावी म्हणून ती तीन पानं आरशासारखी उलटवली. पान १० वरच्या दुकानाची पाटी त्याने नंतर सरळ लिहिली, पण पाटीखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या सदऱ्याची बटणपट्टी उलट्या बाजूलाच राहिली. चित्रकाराला रागावू नका, हे प्रत्येकाकडून होतं. फक्त पान उलटवलं की व्रण, बटणं, घड्याळ, डावरे हात आणि अक्षरं एवढं पुन्हा बघायची सवय लावा.

अशा चुकीला कथेत खुलासा द्यायचा नसतो. पत्रांच्या पानावर सरळ "चुकलं" म्हणायचं. १९६४ साली 'फँटास्टिक फोर' या अमेरिकी कॉमिकच्या २५व्या अंकात लेखक स्टॅन ली यांनी हल्क होणाऱ्या ब्रूस बॅनरला चक्क 'बॉब बॅनर' करून टाकलं होतं. वाचकांनी पकडलं. २८व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर त्यांनी हसतहसत मार्ग काढला, की गड्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. ते नाव आजतागायत टिकलंय. त्यासाठी ना टाइमलाइन लागली, ना पुनर्जन्म.

आता बेरीज. पहिल्या अंकात २०९४ साली ठिणगी चोवीस वर्षांची आहे आणि ती "जलबंदीच्या वर्षी जन्मलेली" आहे. म्हणजे जलबंदी २०७० ची. तिसऱ्या अंकात जलबंदीच्या पहिल्याच दिवशी ती सात वर्षांची होऊन हंडा घेऊन रांगेत उभी आहे, म्हणजे २०७७. चौथ्या अंकात भिंतीवर प्राधिकरणाची जाहिरात आहे, "जलबंदीची गौरवशाली १५ वर्षे". म्हणजे २०७९. वाचकाने कागद-पेन्सिल घेतली आणि तुम्हाला धरलं.

आमच्या सासूबाई शनिवार पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या बोलण्यात धाकट्या भावाचा जन्म 'पानशेतच्या वर्षी', वाड्याची वाटणी 'पानशेतच्या वर्षी', घरात रेडिओ आला तोही 'पानशेतच्या वर्षी'. एकदा कामासाठी जुनी कागदपत्रं काढली तर या तीन गोष्टींत मिळून पाच वर्षांचं अंतर निघालं. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. एवढं मोठं काही घडलं की मागचीपुढची चार वर्षं त्याच्याच खात्यावर जमा होतात, इतकंच.

तुमची तिन्ही सालं तशीच ठेवा. २०७० ला पहिली मोठी कपात झाली, तिलाच लोक जलबंदी म्हणायला लागले. २०७७ ला ठिणगीच्या वस्तीतल्या नळांना सील लागलं. २०७९ ला राजपत्रात हुकूम छापून आला आणि प्राधिकरण तेव्हापासून मोजतं. का? कारण मधल्या नऊ वर्षांत तहानेने जी माणसं गेली ती मग त्यांच्या हिशोबात येत नाहीत. हे सगळं समजावून सांगणारं पान लिहू नका. सातव्या अंकात एखादी म्हातारी त्या जाहिरातीकडे बघून पुटपुटू दे, "पंधरा कसली? माझ्या थोरलीच्या बारशाला घरात थेंब नव्हता, ती आता चोविशीला आली." संवादाचा एक फुगा. झालं.

पण इथे एक इशारा देते, कारण तुमच्या पत्रातून तुम्ही त्याच वाटेवर दिसताय. जुलमी राजवटीच्या गोष्टीत "सरकारनेच इतिहास बदलला" ही फार स्वस्त पळवाट असते. प्रत्येक चूक त्यात बसते. म्हणूनच ती एकदाच वापरायची, आणि वापरताना त्या खोट्याचा फायदा कुणाला झाला ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. फायदा सांगता येत नसेल तर ते प्राधिकरणाचं खोटं नाही, तुमचं आहे. शिवाय सगळंच खोटं असू शकतं असं वाचकाला वाटलं की तो मोजणंच सोडून देतो. मोजणं सोडलेला वाचक तक्रार करत नाही, तो पुढचा अंकच घेत नाही. तुमच्याकडे अजून तक्रारी येताहेत ही फार चांगली गोष्ट आहे.

आता माझी आवडती चूक. पहिल्या अंकात म्हटलंय, "२०७१ ला खडकवासला फुटलं". चौथ्या अंकात ठिणगी रात्री खडकवासल्याच्या कालव्यातून पाणी चोरते. तुमच्या एका वाचकाने विचारलंय की फुटलेल्या धरणाचा कालवा वाहतो कसा. त्या वाचकाला माझ्याकडून एक चहा.

आधी भूगोल. पुण्याला पाणी देणारी या साखळीतली धरणं चार: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चौघांचा मिळून साठा २९ टीएमसीच्या आसपास, त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा. पण वरच्या तिघांचं पाणी याच्याच दारात येतं आणि कालवाही इथूनच निघतो. म्हणजे तुम्ही फोडलंत ते सगळ्यात लहान भांडं, पण तोटी त्यालाच होती. खडकवासला नसेल तर वर कितीही पाणी असो, शहरात ते सरळ येत नाही. तुमच्या जगातली जलबंदी यावरच उभी आहे, तेव्हा "फुटलं ते दुसरंच धरण होतं" हा खुलासा देऊ नका. पाया जाईल.

आता इतिहास. १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खालचं खडकवासलाही गेलं. पुढे दोन्ही पुन्हा उभी राहिली. त्यामुळे 'फुटलं' आणि 'आज पाणी देतं' यांत मुळात विरोधच नाही. तुमच्या गोष्टीत मध्ये तेवीस वर्षं आहेत. प्रश्न एवढाच, की ते पुन्हा बांधलं कुणी? २०७१ नंतरच्या पुण्यात, जिथे पाणी नाही, पगार नाही, माणसं गाव सोडून चाललीत, तिथे एवढी भिंत उभी करायला मजूर कुठून आले? प्राधिकरणाने आणले असतील तर कसे आणले? तुमच्या दुसऱ्या अंकात ठिणगीचे आजोबा एकदाच म्हणतात, "माझे हात धरणात गेले." ते वाक्य तुम्ही तिथेच सोडून दिलंत. मला ते वाचून चांगलंच टोचलं होतं, म्हणून लक्षात राहिलं. धरणाच्या भिंतीत मधलाच एक पट्टा वेगळ्या रंगाच्या दगडाचा दाखवा. चौथ्या अंकाचं चित्र बदलायची गरज नाही, तिथे रात्र आहे. पुढच्या वेळी ठिणगी तिथे दिवसा जाऊ दे. हा खुलासा म्हणून खर्च करू नका, यात तुमचा अख्खा आठवा अंक आहे.

लकडी पुलाचं प्रकरण एवढं मोठं नाही. दुसऱ्या अंकात तो कोसळतो, सहाव्यात त्याच्यावरच पाठलाग. पुण्यात नाव वस्तूपेक्षा जास्त टिकतं. आजच्या लकडी पुलात लाकूड शोधून सापडत नाही, कागदोपत्री तो संभाजी पूल आहे, तरी रिक्षावाल्याला आपण लकडी पूलच सांगतो. तेव्हा त्या जागी लोखंडी दोरखंडांचा झुलता पूल लटकवा, लोक त्यालाही लकडी पूलच म्हणतील. तीन चौकटी नव्याने काढाव्या लागतील, कारण तुमच्या मित्राने आजच्या पुलाचा फोटो समोर ठेवून तशाच्या तशा कमानी काढल्या आहेत. फोटोवरून काढताना एक सांभाळा. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० ला पाडला, चांदणी चौकातला ऑक्टोबर २०२२ मध्ये उडवला, पण इंटरनेटवर दोन्ही अजून दिमाखात उभे आहेत. तुमच्या पहिल्याच पानावर मागे त्यातला एक दिसतो. २०९४ मध्ये.

आणि हो, पाचव्या अंकात कोथरूडला भरतीचं खारं पाणी येतं, ते काढून टाका. ही कंटिन्युइटीची, म्हणजे मागचं-पुढचं जुळण्याची, चूक नाही, पण राहवत नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. जगातलं सगळं बर्फ वितळलं तरी समुद्र सत्तर मीटरच्या आतबाहेरच चढतो. समुद्र पुण्याला येणार नाही, मुंबई मात्र बोरघाट चढून येईल. लाखो माणसं, डोक्यावर बोचकी, आणि वर पुणेकरांची पाटी: "येथे पाणी मागू नये. काल दिले आहे." ते काढा.

इतकं झाल्यावर तुमच्या यादीतल्या सातपैकी चार गोष्टी निकालात निघाल्या. त्यातली एकही रीबूट, म्हणजे सगळं पुसून नवी सुरुवात, मागत नव्हती.

पाचवी गोष्ट: चौथ्या अंकात प्राधिकरणाचा आयुक्त ठिणगीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, आणि सहाव्या अंकात ते नाव ऐकून चकित होतो. कुणाला काय ठाऊक आहे, याची चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात उशिरा सापडते, कारण लिहिणाऱ्याला सगळंच ठाऊक असतं. इथे दोन वाटा आहेत. चौथ्या अंकातल्या त्या फुग्यातलं नाव काढून "पोरी" करा, दोन मिनिटांचं काम. किंवा तसंच ठेवा, आणि आयुक्ताचं सहाव्या अंकातलं चकित होणं हे नाटक होतं असं ठरवा. मग प्रश्न उरतो की त्याला आधी सांगितलं कुणी. ठिणगीचं खरं नाव तेव्हा तीनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक फितूर असणार. दुसरी वाट मोहाची आहे, पण फितुरी करणाऱ्याचं कारण तुमच्याकडे तयार नसेल तर पहिलीच घ्या. मी नव्वद टक्के वेळा पहिलीच घेते.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते. ठिणगीच्या शक्तीचा नियम तुम्ही पहिल्या दोन अंकांत फार सुंदर बांधलाय. मोठा झटका दिला की तिचा डावा हात सहा तास मेल्यासारखा पडतो. दुसऱ्या अंकात ती एका हाताने स्टोव्ह पेटवते, काडी दातात धरून, त्या चार चौकटी मी पुन्हापुन्हा बघितल्या. तिथे ती सुपरहिरो वाटते. पाचव्या अंकात मात्र एकाच रात्रीत ती तीन झटके देते आणि पान १४ वर त्याच डाव्या हाताने गच्चीच्या कठड्याला लोंबकळते.

तुम्ही सुचवलेला खुलासा, की तिला मध्ये एक 'बॅटरी पट्टा' मिळाला होता, तो ताबडतोब विसरा. नियम मोडला की नवं यंत्र आणून तो झाकायचा नाही. पट्टा आला की पुढच्या प्रत्येक संकटात वाचक विचारणार, पट्टा कुठे गेला?

माझाच किस्सा सांगते. मासिकात असताना मी एक साखळी चित्रकथा लिहायचे. चौथ्या भागात त्यातल्या मुलाचा उजवा हात मोडला, प्लास्टर घातलं. पाचव्या भागात तो मैदानावर गोलंदाजी करत होता. उजव्या हाताने. मी विसरले, चित्रकार विसरला, मुद्रितं तपासणारेही विसरले. आठवड्याभरात चौथीतल्या एका मुलीचं पोस्टकार्ड आलं. अर्ध्या कार्डावर तिने तो हात काढला होता, शेजारी बाण, आणि खाली लिहिलं होतं: "ताई, प्लास्टर कुठे गेलं?" संपादक म्हणाले, सोडून द्या, मुलं विसरतात. मला सोडवेना. दोन दिवस डोकं खाजवून सहाव्या भागात लिहिलं की सामना चुकू नये म्हणून पोराने आईच्या शिवणाच्या कात्रीने प्लास्टर स्वतःच कापलं होतं. त्यामुळे हाड वाकडं जुळलं. त्यानंतर ती मालिका तीन वर्षं चालली आणि तीन वर्षं तो हात कोपरातून वाकडाच राहिला. त्याला दप्तर डाव्या खांद्याला लावावं लागे, पतंगाची ढील नीट देता येत नसे. मोठी झालेली वाचक मंडळी आजही भेटली की त्या वाकड्या हाताबद्दलच विचारतात. गोष्ट कुणाला आठवत नाही.

तर पाचव्या अंकात ठिणगीने नियम मोडलेला नाही, तिने उधारी केली आहे. सहा तासांचा हात तीनदा गहाण टाकलाय. सातव्या अंकात वसुली येऊ दे. हात सहा तासांनी परत येत नाही, दिवसाने येत नाही, आठवड्यानेही फक्त अंगठा आणि तर्जनी हलतात. तो पूर्ण परत येतो की नाही, हे तुमच्या पुढच्या बेतावर ठरेल, मला ठाऊक नाही. पण निदान तीन अंक तरी येऊ नये.

राहता राहिलं पान १४ वरचं लोंबकळणं. ते उजव्या हाताने व्हायला हवं, आणि गंमत म्हणजे ज्या युक्तीने व्रण चुकला तीच इथे कामाला येते. ती एक चौकट आरशासारखी उलटवा, हात उजवा होईल. मग व्रण तेवढा पुसून पुन्हा डाव्या भुवईवर काढा. मागे पाटी नाही, बघितलंय मी.

आता आजोबा. तिसऱ्या अंकात ते जातात. टँकरच्या रांगेत, आपल्या वाट्याचा डबा शेजारच्या पोराला देऊन. सहाव्या अंकात ते दारात उभे, आणि खुलासा: गेला तो प्राधिकरणाने बनवलेला हुबेहूब यंत्राचा नमुना होता, खरे आजोबा कैदेत होते. तुम्ही विचारलंय की यात विसंगती काय, सगळं तर जुळतंय. जुळतंय खरं. तारखा जुळतात, नमुने बनवायची प्रयोगशाळा तुम्ही पहिल्या अंकातच दाखवली होती. तरी वाचक चिडले, कारण तिसऱ्या अंकात ते रडले होते आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की ते एका यंत्रासाठी रडले. तो डबा देणारा माणूस तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलात. शिवाय आता यापुढे कुणीही मेलं तरी ते रडणार नाहीत, थांबतील, तीन अंकांनी दारात येतोय का बघतील.

यावर औषध आहे, पण हिंमत लागेल. उलटं करा. गेले ते खरे आजोबा होते. दारात उभा आहे तो नमुना आहे, प्राधिकरणाने पाठवलेला, आणि कदाचित त्याला स्वतःलाही ते माहीत नाही. "कैदेत होतो" हे त्याच्या डोक्यात भरलेलं आहे. सहाव्या अंकातला एकही फुगा बदलावा लागत नाही, कारण तो सगळा खुलासा आजोबांच्याच तोंडी आहे. ठिणगीला हे कसं कळतं? हात. खऱ्या आजोबांचे हात धरणात गेले होते. याचे धड आहेत. तिसऱ्या अंकात तुमच्या मित्राने म्हाताऱ्याची बोटं तुटकी काढली आहेत, सहाव्यात विसरून पूर्ण काढली. ही अकरापैकी माझी एक, तुमच्या यादीत नव्हती. दुरुस्त करू नका.

आता रीबूटबद्दल. डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीने १९६१ मध्ये आपला जुना सुपरहिरो फ्लॅश आणि नवा फ्लॅश भेटवायला दुसरी पृथ्वी आणली. पृथ्व्या वाढत गेल्या, आणि १९८५-८६ मध्ये त्यांची झाडलोट करायला बारा अंकांचं 'क्रायसिस' काढावं लागलं. त्या झाडलोटीत सगळ्यात जास्त हाल झाले ते भविष्यकाळातल्या मंडळींचे. 'लीजन ऑफ सुपरहिरोज' ही हजार वर्षं पुढची पोरं, १९५८ पासूनची. त्यांनी संघ काढला तो सुपरबॉयचा आदर्श ठेवून. १९८६ मध्ये सुपरमॅन नव्याने सांगताना ठरलं की तो लहानपणी सुपरबॉय नव्हताच. झालं, हजार वर्षं पुढची इमारत लटकली. मग त्यांचा सुपरबॉय एका छोट्या वेगळ्या विश्वातला होता अशी ठिगळं लागली, १९९४ ला लीजन पहिल्यापासून सुरू झाली, आणि दहाएक वर्षांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून. त्यांच्यामागे कंपनी होती, पगारी संपादक होते, दशकांचा वाचक होता. तुम्ही दोघं आहात. वेगळ्या टाइमलाइनचं दार तुम्ही एकदा उघडलंत की प्रत्येक नव्या चुकीवर वाचकच तुम्हाला ते दाखवेल, आणि तुम्ही आत जाल.

त्यापेक्षा एक गोष्ट आजच ठरवा: तुमचं कॅलेंडर चालतं की थांबलेलं आहे? ब्रिटिश कॉमिकमधला जज ड्रेड १९७७ मध्ये सुरू झाला तेव्हा गोष्ट २०९९ ची होती. बाहेर एक वर्ष गेलं की आतही एक वर्ष जातं, अंतर कायम १२२ वर्षांचं, आणि ड्रेड म्हातारा होत चाललाय. याच्या उलट आयर्न मॅन. १९६३ मध्ये तो व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता. तो म्हातारा होऊ नये म्हणून ते युद्ध पुढेपुढे सरकवत अफगाणिस्तानात नेलं, आणि शेवटी २०१९ मध्ये सरळ एका काल्पनिक देशाचं युद्ध बनवलं. दोन्ही चालतं. तुम्ही मात्र पहिल्या तीन अंकांत कॅलेंडर थांबवलंय आणि पुढच्या तीनमध्ये पावसाळे मोजताय. माझं मत विचाराल तर चालू द्या. ठिणगीचा हात बरा व्हायला किती दिवस लागले हे वाचकाला मोजता आलं पाहिजे, आणि थांबलेल्या कॅलेंडरात काहीच मोजता येत नाही. पण वर्षातून दोनच अंक निघणार असतील तर मधल्या महिन्यांत काय झालं हे प्रत्येक वेळी सांगावं लागेल. तो त्रास तुम्हाला झेपेल की नाही, ते तुम्हीच बघा.

आणि एक वही घाला. संगणकावरचा तक्ता नको, तो कुणी उघडत नाही. अप्पा बळवंत चौकातून हिशोबाची लांब वही आणा. प्रत्येक पात्राला दोन पानं. जन्मसाल आणि डोळ्यांचा रंग वर एका ओळीत संपवा. बाकी जागेत अंकागणिक लिहायचं: अंगावर कोणती जखम आहे, हातात काय आहे, काय ठाऊक झालंय, आणि कुणाचं काय देणं आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी तो लाल शाईने लिहिते. एक वेगळं पान पाण्याचं ठेवा, कोणत्या वस्तीत कोणत्या वारी नळ येतो. तुमच्या जगात ते कॅलेंडरपेक्षा मोठं आहे. ही वही चित्रकाराकडे राहू दे. विसंगती लिहिताना होते, पण काढताना दिसते.

सातवा अंक कुठून सुरू करावा असं तुम्ही शेवटी विचारलंय. मला एकच चौकट दिसते. सकाळ, वस्तीतली खोली, ठिणगी भिंतीला टेकून बसलेली. डावा हात गरम पाण्याच्या बादलीत, बोटं पांढरीफटक. समोर दारात तो आजोबा नावाचा माणूस, धड हातांनी तिला चहा देतोय. एकही फुगा नको. फक्त मित्राला बादली काढायला सांगण्याआधी वहीत बघा, त्या वारी त्या वस्तीत पाणी येतं का.